डबल कार्डवाले भाऊ

खामगाव घ्या, मलकापूर घ्या, चिखली नाहीतर मेहकर घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एक डबल कार्डवाले भाऊ सापडतातच. दुकानावर पाटी कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीची असते. तिच्याखाली बारीक अक्षरात झेरॉक्स, सातबारा, पीक विमा हेही रंगवलेलं असतं, पण ते सगळं पोटासाठी. भाऊंचा जीव अडकलेला असतो एकाच गोष्टीत : एका कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं चालवायची. तीही एकसारखी नव्हेत. एकसारखी काय, कोणीही चालवील! एक एनव्हिडियाचं, एक एएमडीचं. एक बऱ्यापैकी नवं आणि एक कोणीतरी भंगारात काढलेलं.

भाऊंचं वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. खिशाला टेस्टर, टेबलाच्या खणात 9400 जीटी, 210, 710 अशी पिढ्यान्पिढ्यांची कार्डं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. लग्न कधी झालं म्हणून विचाराल तर साल सांगणार नाहीत. "विंडोज सेव्हन आली ना, त्या दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न झालं अन् पहिल्याच तिथीले." सेव्हन 2009 च्या ऑक्टोबरात आली, हे त्यांना पक्कं ठाऊक, कारण त्याआधीच्या व्हिस्टाने त्यांना फार छळलं होतं. एक्सपीत दोन कंपन्यांची कार्डं शेजारी शेजारी चालायची. व्हिस्टाने ते बंद केलं. दोन वेगळे ड्रायव्हर एकत्र ठेवायचेच नाहीत म्हणाली. सेव्हनने पुन्हा परवानगी दिली. त्या आनंदात भाऊ बोहल्यावर चढले, असं वहिनींचं म्हणणं आहे. भाऊंनी ते कधी खोडून काढलेलं नाही.

हे दोन कार्डांचं प्रकरण चालतं तरी कसं, असं विचारलं की भाऊ थेट जिल्ह्यावर येतात. "हे पाय, घाटावरची हवा थंड अन् घाटाखाली भट्टी. पिकं येगळी, बोलणं येगळं. पण कलेक्टर एकच ना? विंडोज म्हंजे कलेक्टर. ते दोघायकडूनबी काम करून घेते. पण घाटावरच्याले घाटाखालचं काम सांगतलं, का बोंबलला कारभार!"

यात थट्टा वाटली तरी चूक काहीच नाही. दोन कार्डं मिळून एकच चित्र काढतात तो प्रकार वेगळा. 1998 साली व्हूडू टू नावाची दोन कार्डं जोडली की एक सम ओळी काढायचं आणि दुसरं विषम. पुढे 2004 मध्ये एनव्हिडियाने एसएलआय आणलं, पाठोपाठ एटीआयने क्रॉसफायर. पण एसएलआयला एकाच चिपची दोन कार्डं लागत, क्रॉसफायरला निदान भावकी तरी. 2015 च्या डायरेक्टएक्स 12 ने भिन्न कंपन्यांच्या कार्डांनाही एका गेमवर राबवायची सोय केली, पण ती जोडणी ज्याने त्याने आपापल्या गेममध्ये करायची होती, आणि एवढी उस्तवार करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतकेच निघाले. एनव्हिडियाने तर 40 मालिकेच्या गेमिंग कार्डांवर दोन कार्डं जोडायचा कनेक्टरच ठेवला नाही. तेव्हा माझं मत विचाराल तर गेमसाठी तेवढ्याच पैशात एक बरं कार्ड घ्यावं आणि गप्प बसावं. भाऊंचंही मत हेच आहे. फक्त गप्प बसणं त्यांना जमत नाही.

त्यातून 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबून थकलेली आरएक्स 580 कार्डं जुन्या बाजारात आली. पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, घोंगड्या-पिशव्यांच्या मध्ये बसून, त्यातली काही भाऊंच्या दारात पोचली. पार्सल आलं की भाऊ गिऱ्हाइकाला उभं ठेवतात. आधी ब्लोअर. पंख्याच्या पात्यांमागून कापसाचे तंतू चिकटून झालेली एक जाड घडी निघते. कार्ड मागे कुठे राहून आलं ते त्यावरून भाऊ ओळखतात. "जिनिंगजवळ होतं हे." मग शाळकरी पोराचं खोडरबर घेऊन सोनेरी दात हलक्या हाताने घासायचे, फुंकर मारायची, उजेडात धरायचं, पुन्हा घासायचं. ते 580 पहिल्या स्लॉटमध्ये. खालच्या स्लॉटमध्ये 750 टीआय, कारण ते साठ वॉटमध्ये भागवतं आणि वेगळी वायर मागत नाही. 580 वजनाने खाली झुकतं, म्हणून त्याला टेकू होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीचा.

खरी परीक्षा मे महिन्यात. एकटं 580 जोरात आलं की 185 वॉट खातं, आणि ते सगळं शेवटी उष्णता होऊन खोलीतच फिरतं. बाहेर खामगावचा पारा 44 ला टेकलेला. भाऊ कॅबिनेटचं झाकण काढून समोर कूलर लावतात, मात्र पाण्याची मोटर बंद ठेवून. ओली हवा बोर्डाला चालत नाही. घरच्यांना कोरडी चालते, असं त्यांनी गृहीत धरलेलं आहे. दोन्ही कार्डं एकदम कामाला लागली की 600 व्हीएचा यूपीएस ओरडायला लागतो. वहिनी आतून विचारतात, "काय जळालं?" भाऊ म्हणतात, "काई नाई, चालू झालं."

आणि एवढं करून भाऊ गेम खेळत नाहीत. गेम लावतात, गाडी रस्त्याच्या कडेला उभी करतात आणि कोपऱ्यातल्या फ्रेमच्या आकड्याकडे बघत बसतात. हल्ली लॉसलेस स्केलिंग नावाचा एक छोटा प्रोग्राम मिळाल्यापासून तर त्यांना दिवस पुरत नाही. मोठं कार्ड गेम काढतं, धाकटं कार्ड दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घालतं. मॉनिटरची केबल मात्र धाकट्याला लावायची. साठावरचा आकडा एकशेवीसवर गेला की भाऊ शेजारच्या मेडिकलवाल्याला हाक मारून दाखवतात. तो येऊन बघतो, "गाडी तं उभीच हाय," म्हणतो आणि जातो.

गिऱ्हाइकांचं गणित निराळं. "आठ जीबीचं एक, चार जीबीचं एक, म्हंजे बारा झालं ना भाऊ?" गेममध्ये होत नाही. ज्याची मेमरी त्याच्यापाशी. हे सांगून सांगून भाऊंचा घसा बसला होता. मग शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आली. त्यांना स्वतःच्या मशीनवर एआयचं मॉडेल चालवायचं होतं. तिथे मॉडेलचे थर वाटून काही या कार्डावर, काही त्या कार्डावर ठेवता येतात. आठ आणि चार मिळून जवळपास बारा होतात, कंपन्या वेगळ्या असल्या तरी. भाऊंनी त्या दिवशी पोरांकडून मजुरी घेतली नाही, वर चहा पाजला.

पोट भरतं ते मात्र लग्नसराईवर. गावोगावचे व्हिडिओ मिक्सिंगवाले एडियसवर काम करतात आणि हळदीचं शूटिंग अडकत अडकत चालायला लागलं की भाऊंकडे धावतात. परवा एक असाच आला. "दुसरं कार्ड टाका. पैशाचं पाहू नका."

भाऊंनी मशीन उघडलं, प्रोसेसरचा नंबर वाचला. शेवटी एफ नव्हता, म्हणजे आत ग्राफिक्स होतं. बायोसमध्ये गेले, बंद ठेवलेलं ते इंटेलचं ग्राफिक्स चालू केलं, त्याचा ड्रायव्हर घातला. एडियस कॅमेऱ्याच्या फायली उलगडायला तेच वापरतं. हळद सुरळीत चालायला लागली.

"दुसरं कार्ड तुह्या प्रोसेसरमंदीच होतं. बंद होतं फक्त. तीनशे दे."

"मायाच कार्डाचे मायापासून तीनशे?"

भाऊ काही बोलले नाहीत. खणातून एक जुनं 730 काढलं, खोडरबराने घासलं, खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. ड्रायव्हर घातला नाही, केबल लावली नाही. त्याचा पंखा तेवढा गरगर फिरायला लागला.

मिक्सिंगवाल्याने वाकून बघितलं. "आता कसं! आता लय फरक पडला. किती झाले?"

"तीनशेच दे," भाऊ म्हणाले. "अन् सराई झाली का कार्ड वापस आणून दे."