दोन दिवसांत कोपनहेगनविषयी ठाम मत कसे बनवावे

पॅरिस आणि लंडन यांच्याविषयीची मते प्रवासाला निघण्यापूर्वीच तयार मिळतात. आत्याने दिलेली असतात, शेजाऱ्यांनी दुरुस्त केलेली असतात. कोपनहेगनचे तसे नाही. तिथले मत स्वतःच बनवावे लागते, आणि सहलीच्या वेळापत्रकाप्रमाणे दुसऱ्या दिवशी रात्रीचे जहाज पकडून ऑस्लो गाठायचे असल्यामुळे घाईने बनवावे लागते. त्यासाठी हे मार्गदर्शन.

मत संमिश्र असावे, ही पहिली अट. नुसते कौतुक केले तर ऐकणारे म्हणतात, "मग तिकडेच राहायचं की!" नुसती नावे ठेवली तर घरातलेच कोणीतरी खर्चाचा आकडा काढते. दहा आणे कौतुक आणि सहा आणे तक्रार, हे प्रमाण समाजात मान्य आहे.

तक्रारीची सोय शहरानेच करून ठेवली आहे. लांगेलिनीच्या किनाऱ्यावर बस थांबते, सगळे उतरतात, "कुठाय?" असे विचारतात, आणि ती समोरच बसलेली असते. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टीतली जलपरी, 1913 पासून त्याच दगडावर, उंची सव्वा मीटर. इथे "एवढीशीच?" हे वाक्य प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणायचे असते, टूर लीडर त्यासाठी वेळ राखून ठेवतो. मात्र ते म्हणून झाल्यावर तिचे चरित्र ऐकून घ्यावे. 1964 मध्ये कोणीतरी तिचे डोके करवतीने कापून नेले. 1984 मध्ये उजवा हात गेला. 1998 मध्ये पुन्हा डोके. 2003 मध्ये स्फोट करून तिला पाण्यात पाडले. 2010 मध्ये ती शांघायच्या जागतिक प्रदर्शनाला गेली, तेव्हा इथे आलेल्या पर्यटकांना तिच्या जागी एका पडद्यावर ती शांघायमध्ये कशी बसली आहे ते दाखवले गेले. पैसे भरून कोपनहेगनला यावे आणि टीव्हीवर चीन पाहावा! आमचे मत विचाराल तर मूर्ती मुळीच वाईट नाही. इतके सोसलेल्या बाईने अजून काय उंच व्हायचे?

आता जिवाची काळजी. या शहरात पादचाऱ्याला मोटारीचे भय नाही, सायकलचे आहे. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये एक तिसरी पट्टी असते. ती पर्यटकांना फोटो काढता यावेत म्हणून मोकळी सोडली आहे, असा आपल्या मंडळींचा ठाम समज होतो. तिथे उभे राहून पर्समधला चष्मा शोधू नये. मागून घंटी वाजते, आणि दुसऱ्यांदा वाजेल या भरवशावर कोणी राहू नये. सकाळच्या वेळी तर कोट घातलेले साहेब, पुढच्या लाकडी खोक्यात दोन मुले आणि आठवड्याचा किराणा बसवलेल्या आया, असा सगळा संसार त्या पट्टीवरून वेगाने जात असतो. एखाद्या स्वाराने हात वर केला तर तो आपल्याला अभिवादन करत नाही. "मी थांबतोय" असे मागच्याला सांगत असतो. उलट हात हलवून हसू नये.

पुणेकरांनी या जागी "आमचंही एकेकाळी सायकलींचंच शहर होतं" असे म्हणण्याचा मोह आवरू नये. खरेच होते. फक्त "मग काय झालं?" हा पुढचा प्रश्न येण्याआधी सिग्नल हिरवा होईल, एवढे पाहावे. आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबावेच लागते. रात्री अकरा वाजता, दोन्ही बाजूंना एकही वाहन नसताना, चार धडधाकट माणसे लाल दिव्यासमोर निमूट उभी असतात. आपणही उभे राहावे. आधी हसू येते, मग राग येतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच गटातला कोणी मध्येच रस्ता ओलांडू लागला की त्याची लाज वाटते. ही प्रगती समजावी.

खर्चाविषयी थोडक्यात. डॅनिश क्रोनचे रुपये किती होतात याचा गुणाकार करायचा असतो, पण तो फक्त पहिल्या कॉफीपर्यंत. पुढे केला तर कॉफी गळ्याखाली उतरत नाही. नळाचे पाणी उत्तम आणि फुकट आहे. जेवणात स्मोरब्रोड घ्यावे: राय धान्याच्या काळ्या पावाची एकच चकती, तीवर हेरिंग मासा, आणि वरचा पाव आचाऱ्याने विसरलेला. शाकाहाऱ्यांना त्यावर उकडलेला बटाटा मिळतो. काट्या-सुरीने खावे, आणि खोलीवर जाऊन मेतकूट-भात.

कौतुकाचे दहा आणे गोळा करण्याची जागा म्हणजे रुंडेटॉर्न, अर्थात गोल मनोरा. राजा चौथा ख्रिश्चन याने 1642 मध्ये तो पुरा केला. आत जिना नाही. साडेसात वेढ्यांची, 209 मीटर लांबीची चढती फरसबंदी वाट आहे, पायऱ्या लागतात त्या अगदी माथ्याशी. वेधशाळेची अवजड उपकरणे आणि ग्रंथालयाची पुस्तके वर नेता यावीत म्हणून अशी रचना केली, असे सांगतात. आपल्या गटांतले गुडघे पाहता राजाला पुढचे दिसले असावे. 1716 मध्ये रशियाचा झार पीटर इथे घोड्यावरून वर गेला आणि त्याची राणी घोडागाडीतून. ही कथा गटातल्या आजींना खालीच सांगावी. त्या न बसता वर पोचतात. वरून दिसणारी लाल कौले आणि पलीकडचा समुद्र यांविषयी आम्ही काहीही थट्टा करणार नाही.

कार्ल्सबर्गच्या जुन्या कारखान्याच्या दाराशी ग्रॅनाइटचे चार हत्ती 1901 पासून उभे आहेत, आणि त्यांच्या अंगावर चक्क स्वस्तिक आहे. मालक कार्ल जेकबसेनने ते नाझींच्या कितीतरी आधी शुभचिन्ह म्हणून वापरले होते. जलपरीही त्यानेच शहराला भेट दिली. हत्ती आणि स्वस्तिक एकत्र पाहून गटातल्या काकू आपोआप हात जोडतात. आपण बिअरच्या कारखान्याला नमस्कार केला, हे त्यांना ऑस्लो येईपर्यंत सांगू नये.

गोंधळात टाकणाऱ्या गोष्टींवर लगेच मत देऊ नये. अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्ड आणि नील्स बोर ज्या आसिस्टेन्स दफनभूमीत आहेत, तिथेच लोक उन्हात सतरंज्या टाकून पडलेले असतात, मुले फळे खात असतात. कॅफेत आई-बाप आत आणि तान्हे बाळ बाहेर बाबागाडीत गाढ झोपलेले. पोलिसांना फोन करू नये. इस्लान्स ब्रुगेला ज्या बंदरात एकेकाळी सांडपाणी सोडत, त्यात आज माणसे उड्या मारतात. इथे पुण्याच्या मुठा नदीचे नाव काढल्यास गट गप्प होतो, म्हणून हे ठिकाण जेवणाआधी ठेवू नये.

मत सांगताना एकच धोका. ऐकणाऱ्यांत कोणाचा तरी भाचा तिकडे नोकरीला असतो आणि नेमका तो सुट्टीवर आलेला असतो. त्याच्यापुढे जून महिन्यातल्या रात्री दहाच्या संधिप्रकाशाचे वर्णन करू नये. दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो तो डिसेंबर त्याने पाहिलेला असतो. "हिवाळ्यात कसं असतं रे?" एवढेच विचारावे आणि पाय पसरून बसावे. पुढचा तासभर तोच बोलतो.