लेप्यासाठी जागरण

गळाला लागलेला मासा झुंज देतो, असं मासेमारीच्या सगळ्या बढायांमध्ये गृहीत धरलेलं असतं. तांबोशी खडकात शिरून तंगूस तोडते, गोबरा दंड भरून येईपर्यंत ओढतो. लेपा यातलं काही करत नाही. तो जन्मभर वाळूत आडवा पडून असतो आणि गळाला लागला तरी आडवाच वर येतो. हा मासा रात्र जागून धरायचा बेत मी मालवणात जाहीर केला, तेव्हा मामाने पानाची पिंक टाकून विचारलं, "रात जागून लेपे कोण गरवता रे? रापणीत ढिगान गावतत."

मुद्दा बिनतोड होता. पण रापण ओढायला पाच-पन्नास माणसं लागतात. माझ्याकडे दिवाळीची सुट्टी, ऑनलाइन मागवलेला रॉड आणि "ही आता मासळीलाच ठेवा" म्हणून बायकोने हवाली केलेली मातकट रंगाची जुनी बादली, एवढंच भांडवल होतं. शिवाय लेप्याविषयी मला मनापासून आदर आहे.

हा मासा जन्मतो तेव्हा चारचौघांसारखा असतो: सरळ पोहतो, दोन बाजूंना दोन डोळे. मग त्याचा उजवा डोळा बदली झालेल्या कारकुनासारखा रेंगाळत निघतो आणि डोकं ओलांडून डाव्या डोळ्याशेजारी कायमचा रुजू होतो. त्यानंतर लेपा उजव्या कुशीवर जो पडतो, तो पडतोच. या असल्या डोळ्यांनी डार्विनलाही स्वस्थ बसू दिलं नाही. डोळा अर्ध्या वाटेवर असताना त्याचा उपयोग काय, असं मायव्हर्ट नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने विचारलं आणि आपल्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्या १८७२ च्या आवृत्तीत डार्विनला त्याचं सविस्तर उत्तर देत बसावं लागलं. खरोखरच अर्ध्या वाटेवर डोळा असलेल्या चपट्या माशांचे जीवाश्म ओळखू आले ते २००८ साली. जवळजवळ ५ कोटी वर्षांपूर्वीचे हे मासे संग्रहालयांत कधीचे पडून होते. जातीला शोभेलसंच वागले म्हणायचे.

हे सगळं मी जेटीवर मामाला ऐकवलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डोळे खयव असांदेत, चव दोनय बाजूक सारकीच."

भरतीचं गणितही मामाचंच. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची ढोबळ वेळ हाती येते. त्या दिवशी पंचमी, म्हणजे पाच पाऊणे पावणेचार. रात्री साडेनऊच्या सुमाराला पाणी चढायला लागेल, चंद्र लवकर बुडेल आणि अंधारात लेपा खायला बाहेर पडेल. माझ्या मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं. ते उघडायची हिंमत झाली नाही.

मामाची सामग्री म्हणजे पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, शिशाचा तुकडा आणि बारीक गरी. लेप्याचं तोंड लहान आणि वाकडं, मोठी गरी त्याच्या कामाची नाही. आमिषाला सोललेली कोळंबी. ती कापताना मामा इतके नाजूक तुकडे करत होता, की घरात मामीने ते बघायला हवे होते. माझ्या रॉडच्या टोकाला छोटी घंटा होती; मासा लागला की ती वाजणार होती. मासा लागला नाही, वारा मात्र लागत राहिला. तिसऱ्यांदा घंटा किणकिणली तेव्हा पलीकडून अंधारातून कोणीतरी विचारलं, "आरती झाली काय? परसाद हाड मगे."

समोर सिंधुदुर्गाचा तट काळा होत गेला. मला आधी एक केंड लागला. वर येताच फुगून बसला आणि जाताना गरी कुरतडून गेला. मग शेंगाळा. त्याचे काटे विषारी, त्यामुळे त्याला सोडवताना मीच जास्त तडफडलो. मामाचं तंगूस बोटावर होतं आणि मामा बहुधा झोपला होता. तळाशी लेपा निपचित, वर मामा निपचित. दोघांमध्ये ताणलेला दोरा नसता, तर कोण कोणाची शिकार करतंय हे सांगणं कठीण होतं.

दोन वाजून गेल्यावर माझा रॉड जड झाला. घंटा नाही, हिसका नाही, नुसता ओलसर जडपणा. मी वैतागून म्हणालो, "प्लास्टिकची पिशवी लागली."

मामा डोळे न उघडता म्हणाला, "पिशवी नाय ती. पिशवी असती तर वाईच तरी ओढली असती. लेपोच असतलो."

लेपाच होता. वीतभर, तपकिरी, दोन्ही डोळे डावीकडे. जेटीवरचे सगळे गोळा झाले. एकाच्या मते साल ओढून काढायची आणि रवा लावून तळायचा. दुसऱ्याला तिरफळं घालून तिखलंच हवं होतं. एका माणसाच्याही जेवणाला न पुरणाऱ्या माशावर चौघांची सभा बराच वेळ चालली. ठराव होईपर्यंत त्याला बादलीत खारं पाणी घालून सोडलं. तो तळाशी गेला, आडवा झाला आणि चिकटून बसला.

घंटेची चौकशी करणारा तो शेजारी हात खंगाळायला पाणी शोधत होता. त्याने बादलीत बॅटरी मारली. "रिकामी बादली पाण्यान भरून कित्याक ठेवलास?" असं म्हणत त्याने ती जेटीच्या कडेवरून सबंध उपडी केली आणि ताजं पाणी काढायला दोरीने खाली सोडली.

मी ओरडेपर्यंत सगळं उरकलं होतं. मामाने मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीच्या टोकाला डचमळणाऱ्या त्या मातकट बादलीकडे.

"रागाव नको," तो म्हणाला. "फुडच्या टायमाक पांढरी बादली हाड."