पाठीमागे हात

इटलीतल्या बोलोन्या शहरात कुठंही फावडं जमिनीला लागलं की अर्ध्या तासाच्या आत तिथं एक गृहस्थ उगवतात. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर टोपी, अंगात फिक्या रंगाचं जाकीट आणि दोन्ही हात पाठीमागे एकात एक अडकवलेले. कमरेतून किंचित वाकून ते नारिंगी जाळीच्या भोकांतून आत बघतात आणि बघून झालं की मान हलवतात. मान नेहमी आडवीच हलते. उभी हललेली अजून कुणी पाहिलेली नाही.

यांना उमारेल म्हणतात. दानिलो मासोत्ती या तिथल्याच लेखकानं बोलोन्याच्या बोलीतला हा शब्द या जमातीला चिकटवला आणि तो असा बसला की आता इटालियन शब्दकोशातही आहे. शहरात उमारेलांच्या नावाचा एक छोटासा चौक आहे. रिचोने नावाच्या समुद्रकाठच्या गावानं तर २०१५ साली ११ हजार युरो बाजूला काढले, ते कामाच्या जागी किती ट्रक आले आणि किती गेले हे मोजायला उमारेल नेमण्यासाठी. ज्या उद्योगाबद्दल आपल्याकडे घरचे रिकामटेकडा म्हणतात, त्याच्यासाठी तिथं अंदाजपत्रकात तरतूद होते.

तसं बघ्यांच्या बाबतीत महाराष्ट्र कुणाला हार जाणारा नाही. जेसीबी दिसला की अख्खा नाका ऑफिस विसरतो. पण आपला बघ्या मजा बघतो आणि उमारेल तपासणी करतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं असतं. बोलोन्याच्या आसपास वेष्टणाची यंत्रं बनवणारे कारखाने दाटीनं आहेत, डुकाटीच्या मोटारसायकलीही इथल्याच. तेव्हा ‘हा पाइप इथं गळणार’ असं उमारेलांनी म्हटलं की तो पाइप बहुधा तिथंच गळतो. या घोळक्यात बायका फारशा दिसत नाहीत. त्यांना घरी खरी कामं असतात.

व्हेनिसहून फ्लॉरेन्सला निघालेल्या सहलीच्या बसगाड्या बोलोन्याला वळसा घालून निघून जातात, हे एका अर्थी बरंच आहे. हे शहर ‘अर्धा तास फोटो, मग जेवण’ या हिशेबात बसत नाही. मार्गदर्शकाच्या छत्रीमागून हिंडलं तर ते जुनं आणि देखणं वाटतं. उमारेलांच्या शेजारी उभं राहून पाहिलं तर कळतं की ते जुनं वगैरे काही नाही, त्याचं काम चालू आहे.

मुख्य चौकातलं सान पेत्रोनियोचं चर्च घ्या. दर्शनी भिंतीचा खालचा भाग गुलाबी-पांढऱ्या संगमरवराचा, आणि वर सगळी उघडी, खडबडीत वीट. याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकारानं मधल्या दाराभोवती कोरलेल्या बायबलच्या कथांपुढे प्रवासी श्रद्धेनं थबकतात. उमारेलांची नजर मात्र थेट वरच्या विटांवर. कामाला सुरुवात १३९० साली झाली. पालादियोसारख्या नामवंत वास्तुकारानंही या भिंतीसाठी आराखडे काढले होते. भिंत अजून तशीच. पर्यटनाच्या पुस्तकात याला ‘अपूर्णतेचं सौंदर्य’ म्हटलेलं असतं. उमारेलांच्या मते यात सौंदर्य बिंदर्य काही नाही, काम रखडलंय.

चर्चच्या बाजूची भिंतही मध्येच तोडल्यासारखी थांबते. रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा हे मोठं होईल म्हणून पोपनं १५६३ साली मुद्दाम शेजारी विद्यापीठाची इमारत उभी करून वाट अडवली, अशी कथा गावात सांगतात. ती सांगताना उमारेलांचा आवाज असा चढतो, जणू त्यांच्याच गच्चीचा ऊन-वारा कुणी अडवला.

याच चर्चच्या दारावर १५०८ साली पोप ज्युलियस दुसरा याचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. घडवणारा साक्षात मायकेलअँजेलो. १५११ मध्ये गावात सत्तापालट झाला, लोकांनी पुतळा पाडला आणि ते ब्राँझ फेराराच्या ड्यूककडे गेलं. त्यानं त्याची तोफ ओतून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘जुलिया’. आपण ‘अरेरे, मायकेलअँजेलो!’ म्हणून हळहळतो. उमारेलांना पडलेला प्रश्न वेगळाच: एवढं वजन वर चढवलं कसं, आणि उतरवताना दोर कुणी धरला होता?

एकाच कामापुढे मात्र त्यांची मान आडवी हलता हलता थांबते. चर्चच्या आत फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची सरळ रेघ आहे. कास्सीनी या खगोलशास्त्रज्ञानं ती १६५५ साली खांबांच्या मधून वाट काढत आखली. छताजवळच्या एका छोट्या भोकातून सूर्याचा कवडसा खाली पडतो आणि माध्यान्हीला बरोबर रेघेवर येतो. उन्हाळ्यात त्या वेळी उमारेलांच्या मनगटावर सव्वा वाजलेला असतो. यात चूक कास्सीनीची नाही आणि सूर्याचीही नाही. घड्याळं पुढे करा म्हणणाऱ्या सरकारची आहे.

ज्या इमारतीनं चर्चची वाट अडवली, तिच्यात एक लाकडी शवविच्छेदनगृह आहे, सतराव्या शतकातलं. मधोमध पांढरं संगमरवरी टेबल आणि चहूबाजूंनी पायऱ्यापायऱ्यांची बाकं. प्राध्यापक उंच आसनावर, खाली कुणीतरी चिरतोय आणि बाकीचे सगळे वाकून बघताहेत. जानेवारी १९४४च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं. लोकांनी ढिगाऱ्यातून लाकडाचे तुकडे, पुतळ्यांचे अवयव वेचून काढले आणि ते पुन्हा उभं केलं. १०८८ हे आपलं जन्मवर्ष सांगणाऱ्या या विद्यापीठात इतकी शतकं नेमकं काय शिकवलं, हे इथं उभं राहिलं की उलगडतं. दुसरा काम करत असताना आपण उंचावर बसून मत द्यायचं. उमारेल या विद्येचे पदवीधर नसतील, पण परंपरा तीच.

हवामानाचीही त्यांना साथ आहे. १२८८ साली गावानं नियम केला की घरांपुढे कमानींच्या पडव्या हव्यातच, आणि घोडेस्वार खालून जाईल एवढ्या उंच हव्यात. आज अशा कमानी ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. सान लुकाच्या टेकडीवर चढत जाणारी ओळ तर एकटीच ६६६ कमानींची. प्रवाशांना ही वास्तुकला वाटते. उमारेलांसाठी एवढंच, की पावसामुळे तपासणीत खंड पडत नाही.

सध्या तर त्यांना सुगीचे दिवस आहेत. २०२३पासून शहरात ट्रामच्या नव्या मार्गासाठी रस्ते उखडले गेले, ऐन मध्यवस्तीतले. जुनी ट्राम १९६३ साली बंद झाली होती. तेव्हा रूळ उखडताना बघणारी शाळकरी पोरं आता टोपी घालून, पाठीमागे हात बांधून, रूळ टाकताना बघतात. ‘त्या वेळीच सांगितलं होतं, काढू नका म्हणून,’ असं एकानं म्हटलं की बाकीचे गंभीरपणे दुजोरा देतात. आठव्या वर्षी त्यांनी हे कुणाला सांगितलं होतं, हे कुणी विचारत नाही.

पण जाळीआडची सगळी कामं एकीकडे आणि दोन मनोरे एकीकडे. शहराच्या मधोमध, बाराव्या शतकापासून, शेजारी शेजारी उभे. असिनेल्ली उंच, ९७ मीटर, त्याच्या पायऱ्या ४९८. विद्यार्थी पदवी हाती येईपर्यंत तो चढत नाहीत, चढलं तर ती हुकते म्हणतात. धाकटा गारिसेंदा ४८ मीटरचा, आणि दारू चढल्यासारखा कललेला. इतका, की चौदाव्या शतकात भीतीनं त्याचा माथा कापून उंची कमी केली. दांतेनं आपल्या नरकवर्णनात या मनोऱ्याची आठवण काढली आहे: माथ्यावरून ढग सरकताना खालून पाहिलं की मनोराच अंगावर येतोसं वाटतं. दांतेचं एक सुनीतही १२८७ सालच्या इथल्या दफ्तरात उतरवलेलं सापडतं. त्यात तो स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालतो, कारण ते गारिसेंदाकडे बघत राहिले आणि बघण्यासारखी जी दुसरी होती ती हुकली. ती म्हणजे एखादी सुंदरी की शेजारचा मोठा मनोरा, यावर पंडितांची भांडणं आहेत. माझ्या लेखी प्रश्न मिटलेला आहे. इटलीचा महाकवी पाठीमागे हात बांधून उभा होता.

ऑक्टोबर २०२३मध्ये गारिसेंदाच्या पायाचा दगड ढासळतोय असं दिसल्यावर भोवतालचा भाग बंद झाला, कंटेनरांची उंच भिंत उभी राहिली. पिसाचा मनोरा सावरताना वापरलेले लोखंडी सांगाडे इथं आणायचं ठरलं. उमारेलांना हे झोंबलं. पिसाचं सामान, तेही सेकंडहँड! दुसरं दुःख त्याहून मोठं, कंटेनरला भोक नसतं. एवढं नऊशे वर्षांतलं सर्वांत मोठं काम निघालं आणि दिसत काही नाही. मग ते दोन पावलं मागे सरतात, टोपी धरून वर बघतात आणि ऐकीव माहितीवर तपासणी चालू ठेवतात.

‘पायात पाणी मुरतंय,’ एक म्हणतात.

‘पाणी नाही, ट्रकांचा हादरा,’ दुसरे.

‘पडला तर इकडे पडेल.’

‘इकडे कसा? कललाय बघा कुठं.’

पहिले गृहस्थ एक डोळा मिटून, अंगठा ओळंब्यासारखा धरून पुन्हा मोजतात, आणि हरकत मागे घेतात. मनोरा पडला तर कुठे पडेल यावर दोघांचं एकमत होतं. त्याच जागेवर उभे राहून पुढचा तासभर ते तारखेवरून भांडतात.