साठेखतवाले सर

काळा कोट त्यांच्याकडे असतो, पण तो गाडीच्या मागच्या सीटवर हँगरला लटकलेला. टायटल तपासणाऱ्या वकिलाला कोर्टाची पायरी चढावी लागली, तर कागद करताना आपण कुठेतरी झोपलो होतो असं वाटतं. त्याचं आयुष्य जातं तलाठ्याच्या चावडीत, सिटी सर्व्हेच्या ऑफिसात आणि दुय्यम निबंधकाच्या दारातल्या बाकड्यावर, ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकत. पुण्यात असा एक तरी वकील प्रत्येकाच्या ओळखीत निघतो. जागा पसंत पडली की फाइल घेऊन त्याच्याकडे जायचं आणि तोंड पाडून परत यायचं.

संशय हे त्याचं भांडवल. लग्नाला गेला तरी तो कार्यालयाची चतुःसीमा आधी बघतो. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा. आणि ओढा बुजवून तिथे पार्किंग केलंय, हे शेजारच्याला जिलबी तोंडात असताना सांगतो. मुलाला जुनी स्कूटर दिली तीसुद्धा, “आजपासून ताबा तुझा; यापुढचे कर, दंड, बोजे सगळे तुझ्या शिरी” असं बजावून.

सर्च घ्यायचा तो 30 वर्षांचा, असा प्रघात आहे. त्याला आधारही आहे: गहाण मिळकत सोडवून घेण्याचा दावा मुदतीच्या कायद्याने 30 वर्षांपर्यंत लावता येतो. ई-सर्च नव्हता तेव्हा त्यासाठी इंडेक्स टूची बाडं उपसावी लागत. धुळीने शिंका यायच्या आणि नेमकं हवं ते पान फाटलेलं निघायचं. म्हणून सर्च रिपोर्टात एक वाक्य ठरलेलं: काही रजिस्टरे जीर्ण व फाटलेल्या अवस्थेत आढळून आली. पक्षकार विचारतो, “म्हणजे जागा क्लिअर ना?”

“उपलब्ध नोंदींवरून क्लिअर,” म्हणत साहेब वर न बघता सही करतात.

असा माणूस शिकवायला कसा लागला? निम्मं कारण गुडघे. उरलेलं म्हणजे, मोठ्या बिल्डरांची कामं बड्या फर्मकडे गेली आणि 1 मे 2017 पासून महारेरा सुरू झाल्यावर अर्धा दिवस कागद अपलोड करण्यात जाऊ लागला. तेवढ्यात एका लॉ कॉलेजला सकाळच्या वर्गासाठी मालमत्ता हस्तांतरण कायदा शिकवणारा माणूस हवा होता. साहेबांनी होकाराआधी नियम तपासले. वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद बाजूला ठेवावी लागते. पण 1979 च्या नियमांनुसार वकिली चालू ठेवून दिवसाला 3 तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. मग ते तासिका तत्त्वावर रुजू झाले. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात कायद्याचे भाष्यकार मुल्ला शिकवत होते, डॉ. आंबेडकर 1935 साली तिथे प्राचार्य झाले, हे ते पहिल्याच तासाला सांगतात. तासाचं मानधन किती, ते सांगत नाहीत.

पहिल्या आठवड्यात मुलांच्या हातात पुस्तक नव्हतंच. प्रत्येकाला एका हस्तलिखित सातबाऱ्याची झेरॉक्स मिळाली, आडनाव आणि गट नंबर झाकलेली.

“मालक कोण?”

पुढच्या बाकावरचा मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, “ए. कु. मॅ. पांडुरंग. सर, इनिशियल्स जरा जास्तच आहेत.”

कोणी हसलं नाही, कारण बहुतेकांच्या वहीत तेच होतं. मागून सांगोल्याकडची एक मुलगी बोलली, “एकत्र कुटुंब मॅनेजर, सर. जमीन एकट्या पांडुरंगाची नाही. भावांची आहे, बहिणींचीही आहे.”

“बहिणींची कशी?”

“2005 ची दुरुस्ती. लेकीला जन्मापासून हिस्सा. आमच्या घरी त्यावरूनच बोलणं बंद आहे.”

सरांनी तिला पुढे बसवलं. वडील 2005 साली हयात नसले तरी लेकीचा हिस्सा जात नाही, हा 2020 चा विनीता शर्मा निकाल त्यांनी तिच्याच घरचं भांडण फळ्यावर मांडून शिकवला. मग ‘इतर अधिकार’चा रकाना: सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव. शहरी मुलं तो रकाना वाचतच नाहीत. शहरी ग्राहकही वाचत नाहीत, म्हणून तर साहेबांचं घर चाललं.

कलम 54 ते एका वाक्यात उरकतात: साठेखत म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे. नुसत्या साठेखताने मिळकतीत हक्क येत नाही, हे त्यावर पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं. कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतल्याचं समाधान मानणाऱ्यांची झोप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प निकालाने कशी उडवली, हे मात्र ते दोन तास रंगवून सांगतात.

त्यांच्यात दोष आहे आणि तो लहान नाही. कलम 13 आणि 14, म्हणजे न जन्मलेल्या व्यक्तीच्या नावे हस्तांतरण आणि त्यावरची काळाची मर्यादा, ते दहा मिनिटांत गुंडाळतात. “इतक्या वर्षांत न जन्मलेल्याला काही द्यायला एकही पक्षकार आला नाही,” हे त्यांचं समर्थन. “जन्मलेल्यांनाच कोण देतंय?” विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र ही कलमं हमखास येतात आणि पोरं गाइड शोधत हिंडतात.

हल्ली तास संपला की मुलं घरचे उतारे घेऊन टेबलाभोवती जमतात. सर ते फुकट बघतात. त्यात अर्धा तास जातो आणि त्याची तासिका लागत नाही. संगणकावरच्या नव्या उताऱ्यांत जुन्या हस्ताक्षरातल्या गमती उरलेल्या नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. तेव्हा वाचकहो, आजोबांच्या ट्रंकेत कंस मारलेला, खाडाखोडीचा सातबारा असेल तर नावगाव झाकून त्याची झेरॉक्स जवळच्या लॉ कॉलेजात नेऊन द्या. त्याआधी ‘इतर अधिकार’चा रकाना स्वतः एकदा वाचून घ्या.