रेडिएटरचे रोज

आमच्या दादांना किंमत रुपयांत सांगितली की कळत नाही. वस्तू कोणतीही असो, तिचे ‘रोज’ किती होतात ते आधी सांगायचं. फारच मोठी असेल तर सालदारात, म्हणजे वर्षभर बांधलेल्या गड्याच्या मजुरीत सांगायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं त्या आमच्या खानदेशात हे माप अधिकृतच म्हणायला हवं. पण असलं माप डोक्यात ठेवून सोनगीरसारख्या आग्रा रोडवरच्या गावात जुनी मोटार पोसायची, याला छाती लागते. दादांना ती आहे. मोटारीला फक्त रेडिएटर नव्हता. म्हणजे होता, पण त्यात पाणी राहत नव्हतं.

दादांच्या मापानं हिशेब ऐका. 1969 साली सरकारनं मोटारींच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट पंधरा हजारांच्या घरात होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्याचा रोज तीन रुपये धरा. (हा मी सढळ हातानं धरतोय.) झाले पाच हजार रोज. जेवायचं नाही, बिडी ओढायची नाही, बहिणीला आखाजीला आणायचं नाही, रविवारीसुद्धा खडी फोडायची. की पावणेचौदा वर्षांत फियाट दारात! तीही नंबर लागला तर. तिकडे हेन्री फोर्डनं 1914 मध्ये कामगाराला पाच डॉलर रोज लावला आणि 1925 पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल टी 260 डॉलरवर आणून ठेवली. बावन्न रोज! हे मी सांगितलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बावन्न रोजांत आपल्याकडे विहिरीला पाणी लागत नाही.”

त्यामुळे आपल्याकडे पार्ट विकत घेणं हे उधळेपणाचं लक्षण होतं. पार्ट महाग, हात स्वस्त. सिलेंडर झिजला की रिबोअर करायचा, पुन्हा झिजला की स्लीव्ह घालायची. डायनॅमो जळला की मिस्तरी गुंडाळी उलगडून नवी तार भरत बसे. टायरवर नवं रबर चढे, क्लच प्लेटला नवं लायनिंग. मूळ मोटारीतलं शेवटी काय उरलं, तर नंबर प्लेट आणि हप्ते.

आणि रेडिएटर म्हणजे तर आमच्या गावचाच माल! जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि सोनगीरची ओळखही तांब्या-पितळेच्या भांड्यांची. गळका रेडिएटर दादा सरळ तांबटाकडे नेत. तो एका बाजूचं तोंड बुचानं बंद करी आणि दुसऱ्या तोंडातून फुंकर मारत रेडिएटर हौदात बुडवी. बुडबुडा आला तिथं खडूची खूण, मग कानशीनं घासून डाग. दादांनी नव्याचा विषय काढला की तो दुखावत असे. “नवा काबर लेतस दादा? मी बठेल शे ना आठे!”

आता सगळं उलटं झालंय. रोजगार हमीचाच रोज 2025-26 मध्ये 312 रुपये झाला. चार लाखांची मोटार धरली तर साडेतीन वर्षांत खडी फोडून मिळते. नवे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, वर प्लॅस्टिकची टाकी. त्याला डाग बसत नाही. फेकायचा आणि दुसरा आणायचा. जुन्या मोटारीचा अस्सल पार्ट हवा असेल, तर चोरबाजारातला दुकानदार आधी तुमच्या पायातल्या चपला बघतो आणि मग भाव सांगतो. दादांना त्यानं सांगितलेल्या भावाचे रोज मी काढले नाहीत. वयोमानाचा विचार करावा लागतो.

गेल्या वर्षी दादा पुन्हा तांबटाकडे गेले, बरोबर आई होती. जुन्या कारागिराचा मुलगा बसला होता. त्यानं रेडिएटर उलटासुलटा करून पाहिला आणि डागाची मजुरी सांगितली. दादांनी मनातल्या मनात रोज मोजले आणि रेडिएटर काखेत मारून परत निघाले. तेवढ्यात आईनं तो त्यांच्या हातातून घेतला, तराजूत टाकायला लावला, मोड धरून वरचे पैसे घासाघीस करून दिले आणि पितळी हंडा घेऊन घरी आली.

दादांनी त्यात पाणी भरून तो रात्रभर कोरड्या पाटावर ठेवला. सकाळी पाट पुसून बघितला.

“गळत नाही,” दादा म्हणाले. बराच राग होता आवाजात.