सिस्टीमबाब

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. डिचोलीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे अशा दोन बसगाड्या पकडून मी नव्या नोकरीवर हजर झाले. टेबलावर माझ्या नावे तीन वस्तू मांडलेल्या होत्या: कंपनीचं कॅलेंडर, पाण्याची बाटली आणि माउस. माउस जोडायचा कशाला, हे कळायला मार्ग नव्हता.

"लॅपटॉप?" मी विचारलं.

"सिस्टीमबाबांकडे," शेजारच्या ताई म्हणाल्या.

"आणि सिस्टीमबाब?"

"गणपतीकडे."

चवथ २७ ऑगस्टला झालेली आणि सिस्टीमबाबांचा गणपती सात दिवसांचा. म्हणजे विसर्जन मंगळवारी आणि दर्शन बुधवारी. गणपतीचं नव्हे, सिस्टीमबाबांचं. तोवर मी माउस उजवीकडे ठेवून पाहिला, डावीकडे ठेवून पाहिला आणि कॅलेंडरातल्या सुट्ट्या मोजल्या.

सिस्टीमबाबांचं खरं नाव पगारपत्रकावर असणारच. पण ते पगारपत्रक ज्या यंत्रातून निघतं ते यंत्र चालू ठेवणारेही तेच, त्यामुळे त्या नावाच्या वाटेला कुणी जात नाही. वय पन्नाशीच्या अलीकडचं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात पेनड्राइव्ह. कंपनीत इतर कुणाच्याही पेनड्राइव्हला यंत्राच्या तोंडाशी जायची परवानगी नाही, त्यामुळे त्यांच्या गळ्यातल्या त्या इवल्याशा वस्तूला ताइताची कळा आलेली आहे. ते चालू लागले की किल्ल्या वाजतात आणि त्या आवाजासरशी लोकांचे बंद पडलेले प्रिंटर आपोआप सुरू होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांची पाठ वळली की ते पुन्हा बंद पडतात, हेही.

बुधवारी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या माउसकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला: "फाल्यां."

फाल्यां म्हणजे कोकणीत उद्या. पण पंचांगातला उद्या आणि सिस्टीमबाबांचा फाल्यां एका गोत्रातले नव्हेत. पंचांगातला उद्या आजच्या नंतर येतो. सिस्टीमबाबांचा फाल्यां आजच्याबरोबर चालतो, एका पावलाचं अंतर राखून.

त्यात त्यांचा दोष किती, हे कळायला मला पुढचे दीड महिने लागले. नवा माणूस येणार हे मनुष्यबळ विभागाला दोन महिने आधी ठाऊक असतं. शिपायाला आठवडाभर आधी कळतं, कारण खुर्ची त्याला हलवायची असते. कॅन्टीनवाल्याला आदल्या दिवशी कळतं. माझ्या वाटणीची पावभाजी पहिल्याच दिवशी तयार होती. सिस्टीमबाबांना मात्र नवा माणूस कळतो तो हातात माउस घेऊन समोर उभा राहिल्यावर. वरात दारात आल्यावर वधूपित्याला लग्नाची बातमी द्यावी, त्यातला हा प्रकार.

शिवाय लॅपटॉप मागायचा तर तिकीट काढावं लागतं. कदंबाच्या बसमध्ये तिकीट द्यायला कंडक्टर आपण होऊन येतो. हे तिकीट आपणच काढायचं, कंपनीच्या पोर्टलवर. पोर्टलवर जायला लॉगिन हवं, लॉगिनला ईमेल हवा, ईमेलला कर्मचारी क्रमांक हवा आणि कर्मचारी क्रमांक कळतो तो ईमेलवरून. मी हे सगळं चौकोन काढून सिस्टीमबाबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "चित्र बरें आसा," म्हणाले, आणि शेजारच्या ताईंच्या लॉगिनवरून तिकीट काढायला सांगितलं. तसं काढलं. चार दिवसांनी मंजुरी आली: ताईंना दुसरा लॅपटॉप मंजूर. ताईंनी तो नाकारला. नाकारण्यासाठीही तिकीट काढावं लागलं.

सिस्टीमबाबांची खोली जिन्याखाली. तिथे सर्व्हर असतो आणि सर्व्हरसाठी चोवीस तास एसी असतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कंपनीतल्या यंत्रांच्या तक्रारी चौपट होतात आणि त्या फोनवर सांगता येण्यासारख्या कधीच नसतात. खोलीत तीन कपाटं. एकात केबली, एकात मेलेले कीबोर्ड, तिसऱ्याला कुलूप. तिसऱ्यात लॅपटॉप आहेत, अशी कंपनीत वदंता.

त्यांची तपासणी वैद्याच्या थाटाची. आधी आजाऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवून ताप पाहायचा, मग कान लावून पंख्याची घरघर ऐकायची, मग नातेवाइकांकडे वळून विचारायचं, "रिस्टार्ट केलो?" होय म्हटलं तरी ते स्वतः पुन्हा एकदा करतात. दहांतली सात दुखणी तेवढ्यानं पळतात. उरलेल्या तिनांना फाल्यां.

पण याच माणसाला मी भर उन्हात इमारतीमागच्या एका खड्ड्यात बादलीनं पाणी ओततानाही पाहिलं. मला वाटलं, झाड लावलं असेल. ती अर्थिंगची जागा निघाली. आमची जमीन जांभ्याची. ती वाळली की वीज जिरवून घेत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात आणि पाऊस ओसरला की तो ओला ठेवायचा. नाहीतर परतीच्या पावसातल्या एका कडकडाटासरशी नेटवर्कचे स्विच जळून जातात. हे काम सिस्टीमबाबांच्या नेमणूकपत्रात नाही. पत्नी तुळशीला घालते तितक्या नेमानं ते त्या खड्ड्याला पाणी घालतात. कंपनीत याचं तिकीट कुणी काढलेलं नाही, म्हणून कंपनीच्या हिशेबी हे काम होतच नाही.

संध्याकाळी म्हापशाहून डिचोलीची बस आम्हा दोघांची एकच. ते मयेचे. बसमध्ये खिडकीशी बसले की किल्ल्या पिशवीत जातात आणि माणूस बोलायला लागतो. कॉम्प्युटर ते शिकले खाणीवर. खनिजाचा ट्रक वजनकाट्यावर चढायचा, पडद्यावर टनांचा आकडा उमटायचा, पास छापून निघायचा आणि मगच ट्रक जेटीकडे सुटायचा. पासाशिवाय एक ट्रक सोडला तर दुसऱ्या दिवशी चौकशी काट्यावरच्या पोराची. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केली आणि काट्यावरचं धूळ खाल्लेलं यंत्र तेवढं मागे राहिलं. डिचोली तालुक्यात तेव्हा कितीतरी घरांसमोर ट्रक उभे राहिले ते राहिलेच. सिस्टीमबाबांनी ट्रक घेतलेला नव्हता. त्यांना यंत्र चालू करता येत होतं. पुढे ५ जानेवारी २०२३ ला मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, आसपास मालाची ने-आण करणाऱ्यांची कार्यालयं आली आणि काट्यावरचा पोर आमच्या जिन्याखाली आला. वस्तू नोंदीशिवाय हातातून सोडायची नाही, ही खाणीवरची सवय मात्र सोबत घेऊन.

"पूण कपाटांत लॅपटॉप आसात मूं?" मी एकदा बसमध्येच विचारलं. कार्यालयात धीर झाला नसता.

"आसात बाय. पूण तुका दिवपासारके नात."

मग त्यांनी उलगडा केला. कपाटात नोकरी सोडून गेलेल्यांचे लॅपटॉप. माणसं गेली, पण कागदावर लॅपटॉप अजून त्यांच्याच नावे. कारण जाणाऱ्यानं परत केल्याची नोंद मुख्य कार्यालयात करायची असते आणि तिथे ती करणाराही नोकरी सोडून गेलेला. प्रत्येक यंत्राच्या फॉर्मवर एक रकाना: कस्टोडियन. जोवर त्या रकान्यात जुनं नाव आहे तोवर नव्याला यंत्र देता येत नाही. दिलंच आणि हरवलं, तर भरपाई सिस्टीमबाबांच्या पगारातून.

कस्टोडियन हा शब्द मयेच्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मयेचा भाटकार म्हणजे जमीनदार पोर्तुगालातला, जमीन 'स्थलांतरित मालमत्ता' ठरली आणि सरकारनं तिच्यावर कस्टोडियन बसवला. माणसं घरात राहत होती, जन्मत होती, मरत होती. पण घर नावावर नाही. छप्पर दुरुस्त करायचं तरी परवानगीसाठी हेलपाटे. मालकी रद्द करणारा कायदा झाला तो २०१४ साली, आणि सनदा हातात पडायला त्यानंतरही दम काढावा लागला.

"आमच्या घरांक पन्नास वर्सां कस्टोडियन आशिल्लो," सिस्टीमबाब खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तुजे पन्नास दीसय जावंक नात."

यावर मी काय बोलणार? अस्नोड्यापर्यंत गप्प बसले.

लॅपटॉप मला पहिल्यांदा दिसला तो दसऱ्याला. पाटावर. कार्यालयातली सगळी यंत्रं धुऊनपुसून ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला झेंडूचा हार. त्यातल्या एकाच्या झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर माझं नाव! मी नमस्कार केला, अगदी मनापासून. सिस्टीमबाब ताम्हण घेऊन फिरत होते आणि उत्साही मंडळी केबलीच्या भोकांत हळदकुंकू वाहणार नाहीत यावर करडी नजर ठेवून होते. पूजा झाली, प्रसाद झाला, लॅपटॉप पुन्हा कपाटात गेला. "आतां फाल्यां," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी फाल्यां पुढे सरकलेला होता.

मग कोजागरी आली आणि पेडण्याची पुनव. रवळनाथ-भूतनाथाची तरंगं निघतात, पंचक्रोशी लोटते. भूतनाथाची कथा आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक: त्याला स्वतःचं देऊळ हवं, आणि तेही एका रात्रीत बांधून हवं. रात्र सरते, देऊळ होत नाही, देव रुसून रानाची वाट धरतो आणि भक्त मागे धावत त्याची समजूत घालून परत आणतात. दर वर्षी. त्या गर्दीत माझ्या मनात आलं, देवानं पिढ्यान्‌पिढ्या फाल्यां ऐकून घेतलं, आणि मी पाच आठवड्यांत तोंड पाडून बसले आहे. शेजारी सिस्टीमबाब हात जोडून उभे होते. ते भूतनाथाच्या बाजूचे की आश्वासन देणाऱ्यांच्या बाजूचे, याचा अंदाज येईना.

खरा खोडा पुढेच होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार काढून घेतला. आता अकरावं चढवायचं, तर यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला हवा. सिस्टीमबाबांनी कपाटातली सगळी यंत्रं तपासली. माझ्या नावाचं, दसऱ्याला पुजलेलं यंत्र त्या परीक्षेत नापास झालं. झाकणावर कुंकवाचा डाग तसाच होता. सिस्टीमबाबांनी चिकटपट्टी हलक्या हातानं काढली. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून फाल्यां निघालं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

त्यानंतरचे तीन दिवस ते जिन्याखालून बाहेर आले नाहीत. मुख्य कार्यालयाला फोन, पुन्हा फोन, मग कोकणी सुटून हिंदी, हिंदी सुटून इंग्रजी. जोर कमी पडला तशी मराठी. शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, माझ्या सत्तेचाळिसाव्या दिवशी, ते टेबलापाशी आले. हातात नवा लॅपटॉप. माझा ईमेल चालू, प्रिंटर जोडलेला, मी न मागितलेला मराठी कीबोर्डही बसवलेला. पासवर्ड बदलायला लावला. "बारा अक्षरां," म्हणाले, "आनी भगवती घालूं नाका. अर्ध्या कंपनीची भगवतीच आसा."

मग फॉर्म पुढे केला. कस्टोडियनच्या रकान्यात मी सही केली. त्यांनी ती दोनदा वाचली, फोटो काढला, फॉर्म पिशवीत घातला आणि खाणीच्या काट्यावरून ट्रक सुटावा तसा हात हलवला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती माझ्या चेहऱ्यावरही नव्हती.

हा माणूस एकटा आमच्या कंपनीत नाही. बँकेत आहे, इस्पितळात आहे, पंचायतीत तर नक्कीच आहे. सगळ्यांच्या शिव्या त्याच्या नावे जमा होतात, कारण यंत्रामागे उभा असलेला तोच एक दिसतो. मंजुरी न देणारा दिसत नाही, नोंद करायला विसरलेला दिसत नाही, बातमी दाबून ठेवणारा दिसत नाही. फाल्यां हा शब्द त्याचा नसतो. तो वरून येतो, त्यानं फक्त पोहोचवायचा असतो.

परवा काही कामानं जिन्याखाली गेले. सिस्टीमबाब ज्या यंत्रावर बसतात ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. जाड काळा डबा, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली, आणि कपाटात नापास झालेल्या यंत्रांपेक्षाही म्हातारा. मी विचारलं, "तुमका नवो लॅपटॉप ना?"

दोन वर्षांपूर्वी त्यांनी अर्ज केला आहे. तो अजून पडून आहे. लॅपटॉपच्या प्रत्येक अर्जाला सिस्टीम विभागाची मंजुरी लागते, सिस्टीम विभागात माणूस एकच आणि स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करायला पोर्टल परवानगी देत नाही.