हमी इंजिनाची, खड्डा मालकाचा

देवळाली प्रवराच्या शिवारात उसाचा ट्रॅक्टर बंद पडला, तर राहुरी फॅक्टरीवरचा मिस्त्री पाना घेऊन बांधावर येतो. फेरारी बंद पडली, तर आधी कागद काढावे लागतात.

2002 साली सचिन तेंडुलकरला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. आयातशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटने 1 कोटी 13 लाख रुपये भरले. फुकट मिळालेली गाडी ती हीच! शिवाय हिचा टायमिंग बेल्ट साधारण दर 3 वर्षांनी बदलायचा, मग गाडी पळो वा झाकलेली असो. आधीच्या एफ355 मध्ये तर त्यासाठी अख्खं इंजिनच उतरवावं लागे.

आता फेरारी नव्या गाडीला 3 वर्षांची वॉरंटी आणि 7 वर्षं नियमित देखभाल देते. पुढे पैसे मोजत राहिलात, तर इंजिन-गिअरबॉक्सची हमी 15 व्या वर्षापर्यंत वाढते. मात्र आधी तपासणीत पास व्हायचं. म्हणजे गाडी ठणठणीत असेल तरच दुरुस्तीचं आश्वासन.

2010 मध्ये 458 इटालियाच्या चाकावरच्या कमानीतला गोंद तापून काही गाड्या पेटल्या. कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाच्या जागी धातूचे रिव्हेट ठोकले. हे काम मिस्त्रीलाही जमलं असतं.

टायर, ब्रेक पॅड आणि खड्ड्यात वाकलेली रिम वॉरंटीत बसत नाही. नगर-मनमाड महामार्गावर नेमकं तेच जातं. तेव्हा तालुक्यातल्या हौशी बागायतदारांनी वॉरंटीच्या अर्जासोबत रस्तेदुरुस्तीचाही अर्ज द्यावा.